संगणक बदलताना अक्षरे सांभाळा

जुना संगणक मोडीत काढून नवा आणला जातो. जुन्या हार्ड डिस्कवरील फाइली नव्या यंत्रावर उतरवल्या जातात आणि आपण निश्चिंत होतो. काही दिवसांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहिलेला एखादा मराठी लेख, प्रबंधाचे प्रकरण किंवा वडिलांनी हौसेने टंकित करून ठेवलेल्या आठवणी उघडाव्यात, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन सडा पडलेला दिसतो. फाइल शाबूत असते, तिच्यातील एक अक्षरही पुसले गेलेले नसते. तरीही मजकूर वाचता येत नाही.

हा प्रश्न पुन्हा समोर येण्यास एक निमित्त घडले आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला. ‘विंडोज ११’ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे अनेक संगणकही बदलण्याची वेळ आली आहे. कोणी नवे विंडोज घेतो, कोणी मॅककडे वळतो, तर कोणी जुन्याच यंत्रावर लिनक्स बसवतो. अशा वेळी चर्चा होते ती किमतीची आणि वेगाची. मराठीत लिहिणाऱ्याने त्याआधी आपल्या मजकुराची चौकशी केली पाहिजे.

बदल हाच नियम

प्रोसेसर, त्यावर चालणारी कार्यप्रणाली आणि त्या कार्यप्रणालीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम या तिन्हींचा मिळून संगणकाचा ‘प्लॅटफॉर्म’ होतो. यातील एक पायरी बदलली, की वरच्या पायऱ्या डळमळतात. अ‍ॅपलचा इतिहास याचे ठळक उदाहरण आहे. १९८४ चा मॅकिंटॉश मोटोरोलाच्या ६८००० प्रोसेसरवर चालत असे. १९९४ मध्ये त्याची जागा पॉवरपीसीने, २००६ मध्ये इंटेलने आणि २०२० मध्ये अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम-१ ने घेतली. २००६ च्या बदलात जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून ‘रोझेटा’ नावाची दुभाषी सोय देण्यात आली होती. २०११ मध्ये आलेल्या ‘लायन’ या आवृत्तीतून तीही काढून टाकली गेली. अशी सोय मुदतीची असते, हे यातून लक्षात यावे.

प्रोग्रॅम बंद पडला तर दुसरा मिळतो. परंतु त्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेले वाचता येईल की नाही, हे ते कोणत्या पद्धतीने साठवले आहे, यावर ठरते. मराठीची अडचण नेमकी येथे आहे.

इंग्रजीच्या वेशातील मराठी

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे, याचा करार आधी ठरलेला असावा लागतो. इंग्रजीचा असा करार १९६० च्या दशकातच झाला. देवनागरीसाठी भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध केले आणि पुण्याच्या सी-डॅकने त्यावर आधारित ‘जिस्ट’ तंत्र विकसित केले. मात्र घरोघरी आणि डीटीपीच्या दुकानांत वेगळाच मार्ग रूढ झाला, तो फॉन्टचा.

या मार्गाची युक्ती सोपी होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेला फॉन्ट तयार करायचा. संगणकाच्या दृष्टीने लिहिणारा इंग्रजीच लिहीत असे, पडद्यावर मात्र मराठी दिसे. उदाहरणार्थ, ‘कृतिदेव’ फॉन्टमध्ये लिहिलेला ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये ई, जे, के, मोठा बी आणि एच अशा पाच इंग्रजी अक्षरांच्या रूपात साठवलेला असतो. तो फॉन्ट संगणकावर नसेल, तर तीच पाच अक्षरे दिसतात. त्यातही प्रत्येक कंपनीने आकारांची मांडणी आपापल्या सोयीने केली. त्यामुळे एका फॉन्टमधील मजकुराला दुसरा फॉन्ट लावला, तर वेगळाच गोंधळ दिसे.

काही व्यावसायिक पॅकेजे हार्डवेअर लॉकवर चालत. हा लॉक संगणकाच्या पॅरलल पोर्टला जोडावा लागे. आजच्या लॅपटॉपवर तो पोर्टच नसतो. म्हणजे रीतसर विकत घेतलेले साधनही जुन्या यंत्राबरोबर निकामी होते.

युनिकोडचा करार

जगातील सर्व लिप्यांसाठी एकच करार असावा, या हेतूने युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग मिळाला. त्यात ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे. फॉन्ट कोणताही असो, संगणक कोणाचाही असो, २३२५ म्हणजे ‘क’च.

करार झाला तरी तो पडद्यावर उतरण्यास वेळ लागला. मायक्रोसॉफ्टच्या कार्यप्रणालीत देवनागरीची सोय ‘विंडोज २०००’ पासून आली. २००१ च्या ‘विंडोज एक्सपी’ मध्ये ती होती, परंतु कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन वेगळी निवडावी लागे आणि त्यासाठी बहुधा मूळ सीडी लागे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोडमध्ये उभा राहिला. त्याच काळात अनेक वृत्तपत्रांची संकेतस्थळे मात्र स्वतःचे फॉन्ट वापरत होती. त्यांतील मजकूर शोधयंत्रांना सापडत नसे.

करारही पुढे सुधारत गेला. मराठीत ‘अ’ वर चंद्र देऊन लिहिल्या जाणाऱ्या स्वराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. त्याआधी हा स्वर दोन चिन्हे जोडून लिहावा लागे. म्हणूनच एकच शब्द आजही दोन प्रकारे साठवलेला आढळतो आणि शोध घेताना त्यातील एकच हाती लागतो.

मुद्रणव्यवसाय तर बराच काळ जुन्या फॉन्टवर राहिला. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ मध्ये आली आणि तिला देवनागरी युनिकोड समजत नसे. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय २०१२ च्या सीएस-६ पासून झाली. या मधल्या काळात छापलेल्या असंख्य मराठी पुस्तकांच्या फाइली जुन्या फॉन्टमध्ये अडकल्या आहेत. पुनर्मुद्रणाच्या वेळी फॉन्ट न मिळाल्यास सारे पुस्तक पुन्हा टंकित करण्याची पाळी येते.

परिवर्तकाच्या मर्यादा

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक उपलब्ध आहेत. त्यांचे काम केवळ अक्षराला अक्षर बदलण्याचे नसते. जुन्या पद्धतीत मजकूर दिसतो त्या क्रमाने साठवला जाई. ‘वि’ लिहिताना आधी वेलांटी, मग ‘व’. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो, आधी ‘व’, मग वेलांटी. ‘सूर्य’ मधील रफार जुन्या पद्धतीत ‘य’ नंतर येतो, तर युनिकोडमध्ये ‘य’ च्या आधी. चुका प्रामुख्याने येथेच होतात. पहिली वेलांटी, रफार, ‘ऱ्या’ सारखी जोडाक्षरे आणि मधेच आलेले इंग्रजी शब्द यांवर मुद्रितशोधकाची नजर फिरवावीच लागते.

जुना संगणक देण्यापूर्वी

पुढील कामे जुने यंत्र सुरू असतानाच करून ठेवावीत.

१. प्रत्येक मराठी फाइल उघडून तिच्या फॉन्टचे नाव टिपून घ्यावे. फॉन्ट माहीत नसेल, तर योग्य परिवर्तक निवडणे अवघड जाते.

२. परवान्यात मुभा असल्यास फॉन्टच्या फाइलीही जपून ठेवाव्यात.

३. महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ करावी. मात्र पीडीएफ फक्त दिसण्यापुरती बरोबर असते. जुन्या फॉन्टमधील पीडीएफमधून मजकूर उचलला, तर पुन्हा इंग्रजी अक्षरेच हाती येतात.

४. मजकूर युनिकोडमध्ये नेऊन तपासावा. परिवर्तक न मिळाल्यास छापील प्रत स्कॅन करून ओसीआरचा मार्ग उरतो.

५. अंतिम प्रत साध्या मजकुराच्या किंवा ओडीएफसारख्या खुल्या स्वरूपात ठेवावी. ओडीएफला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली आहे.

६. नव्याने लिहिणाऱ्यांनी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकून घ्यावा. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तो उपलब्ध असल्याने पुढच्या बदलात बोटांची सवय मोडत नाही.

मजकूर सुरक्षित आहे का, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. फाइलमधील एक मराठी परिच्छेद उचलून तो स्वतःलाच ई-मेलने पाठवावा आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावा. तेथे मराठी दिसली, तर जुना संगणक निर्धास्तपणे द्यावा. इंग्रजी अक्षरे दिसली, तर तो आणखी काही दिवस घरातच ठेवावा.