इब्न खल्दूनकडून शिकावी अशी असाइनमेंट

महाविद्यालयात इतिहासाची असाइनमेंट बहुधा एका ओळीची असते. 'विजयनगरच्या ऱ्हासाची कारणे लिहा' किंवा 'औरंगजेबाचे धार्मिक धोरण स्पष्ट करा.' मुले गाईड किंवा मोबाईल उघडतात, चार पाने उतरवतात, गुण मिळतात. मुले वाचत नाहीत, ही प्राध्यापकांची तक्रार मी नेहमी ऐकतो. मला मात्र दोष प्रश्नात दिसतो. ज्याचे उत्तर उतरवता येते तो प्रश्न उतरवूनच सोडवला जाणार.

ही तक्रार जुनी आहे. 1332 साली ट्यूनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूनने 1377 मध्ये 'मुकद्दिमा' लिहिला. त्यात तो मगरिबच्या मदरशांबद्दल सांगतो की, विद्यार्थी वर्षानुवर्षे पाठांतर करतात, पण चर्चेत गप्प बसतात. मोरोक्कोत विद्यार्थी मदरशात सोळा वर्षे राहत, ट्यूनिसमध्ये पाच. एवढी वर्षे लागण्याचे कारण त्याच्या मते शिकवण्याच्या पद्धतीत होते. बोलण्याचा, वाद घालण्याचा सराव नसेल तर इल्म अंगी मुरत नाही.

याच ग्रंथाच्या सुरुवातीला तो स्वतः एक प्रश्न सोडवून दाखवतो. मसूदी आणि इतर इतिहासकारांनी लिहिले होते की, हजरत मूसांच्या सैन्यात 6 लाख लढवय्ये होते. इब्न खल्दून विचारतो, एवढी फौज एका मैदानात मावेल कशी? एका टोकाला काय चालले आहे हे दुसऱ्या टोकाला कळेल कसे? इराणचे साम्राज्य कितीतरी मोठे होते, तरी कादिसियाच्या लढाईत त्याचे सैन्य 1 लाख 20 हजार सांगितले जाते. शिवाय हजरत याकूब आणि मूसा यांच्यात मोजक्याच पिढ्या. तेवढ्यात एका कुटुंबाचे 6 लाख सैनिक होतील का? त्याने दिलेला कादिसियाचा आकडाही परंपरेतूनच आलेला आहे, तोही विद्यार्थ्यांनी याच कसोटीवर घासावा.

चांगल्या असाइनमेंटचे सगळे घटक इथे आहेत. तपासायला एकच विधान, एकच नेमका प्रश्न आणि ताडून पाहायची साधने. यात आपण एक भर घालावी, गुण कशाला मिळणार ते आधीच सांगावे.

आपल्या दख्खनचे उदाहरण घेऊ. तालिकोटची लढाई जानेवारी 1565 ची. फिरिश्ता 1589 मध्ये विजापूरला आला आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयाने त्याने फारसीत इतिहास लिहिला. या लढाईत आणि पाठलागात विजयनगरचे 1 लाखाहून अधिक लोक मारले गेले, असे तो सांगतो. मी असाइनमेंट अशी देईन: 'हा आकडा कितपत विश्वासार्ह आहे? दोन पानांत लिहा. लढाई आणि लेखन यांत किती काळ गेला, लेखक कोणाच्या पदरी होता, विजेत्याला मोठा आकडा का हवा असतो आणि एवढ्या सैन्याला रोज किती धान्य लागले असते, याचा विचार करा. निष्कर्षाला नव्हे, कारणांना गुण आहेत.' कच्चा मसुदा आधी वर्गात वाचून घ्यावा, म्हणजे गप्प बसायची सोय उरत नाही.

यात पणाला लागते ते केवळ वीस गुण नव्हेत. दरबारी इतिहासकारांनी बढाई म्हणून लिहिलेले आकडे आज आरोप म्हणून मोबाईलवर फिरतात. किती मारले, किती पाडले, कोणी विचारत नाही की मोजले कोणी. आपणही यातून सुटलेले नाही. आपल्या बादशहांच्या पराक्रमाचे फुगवलेले आकडे आपल्यालाही गोड लागतात. आपल्या विरुद्धचा आकडा तपासायचा आणि आपल्या बाजूचा तसाच गिळायचा, याला इतिहास म्हणत नाहीत. इब्न खल्दूनने तर आपल्याच परंपरेतल्या आदरणीय इतिहासकारांचा आकडा तपासायला घेतला होता.

पदवीनंतर बहुतेक मुले इतिहासाचे पुस्तक पुन्हा उघडणार नाहीत. पण मोबाईलवर आकडे आयुष्यभर येत राहतील. ते पुढे पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारायची सवय एका असाइनमेंटने लागली, तर प्राध्यापकाने ती तयार करायला घालवलेला तास सार्थकी लागला असे मी म्हणेन.