गगनचुंबी इमारती आणि शेजाऱ्याचा उजेड

गगनचुंबी इमारत ही केवळ स्थापत्यविशारदाच्या प्रतिभेची निर्मिती होय, असा सर्वसाधारण समज आहे. शिकागो व न्यूयॉर्क या अमेरिकेतील दोन नगरांचा इतिहास पाहता तो आम्हांस अपुरा वाटतो.

शिकागोत १८८५ साली विल्यम ल बॅरन जेनी यांनी १० मजली होम इन्शुरन्स इमारतीचा बराचसा भार लोखंडी-पोलादी सांगाड्यावर सोपविला. तेथेच १८९१ मध्ये विटांच्या भिंतींवर उभारलेल्या १६ मजली मोनॅडनॉक इमारतीच्या भिंती तळाशी ६ फूट जाड ठेवाव्या लागल्या. पुढे सांगाड्याचाच विजय झाला. परंतु १८९३ मध्ये शिकागोने उंचीस १३० फुटांची मर्यादा घातली.

न्यूयॉर्कने अशी मर्यादा घातली नाही. १९१५ मध्ये एक्विटेबल इमारत रस्त्याच्या कडेपासून सरळ ५०० फुटांच्या वर चढली आणि शेजाऱ्यांचा सूर्यप्रकाश हिरावला गेला. तेव्हा १९१६ मध्ये नियम झाला : ठराविक उंचीनंतर इमारतीने मागे सरावे, मात्र भूखंडाच्या चतुर्थांशावर मनोरा हवा तितका उंच न्यावा. देवळापुढील दीपस्तंभाप्रमाणे टप्प्याटप्प्याने निमुळती होणारी, १९३१ ची १०२ मजली एम्पायर स्टेट इमारत ही या नियमाचेच अपत्य होय.

एका नगराने उंची रोखली, दुसऱ्याने आकार घडविला. आम्हांस दुसरा मार्ग अधिक विवेकाचा वाटतो. आज आपल्याही नगरांत मजल्यांवर मजले चढत आहेत. नकाशास मंजुरी देताना शेजाऱ्याच्या खिडकीचा विचार आधी व्हावा.