घराची निवड (गृहखरेदी)

कुटुंबाच्या राहण्यासाठी घर विकत घेताना उपलब्ध घरांची तुलना करून त्यांतील एक निश्चित करण्याच्या प्रक्रियेस घराची निवड असे म्हणतात. किंमत, क्षेत्रफळ, स्थान, इमारतीचे वय, मालकी हक्काची निर्दोषता आणि कर्ज फेडण्याची कुटुंबाची क्षमता हे या निवडीचे मुख्य घटक होत. हा लेख प्रामुख्याने महाराष्ट्रातील नागरी भागातील सदनिकांच्या खरेदीविषयी आहे.

पार्श्वभूमी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण स्वतःच्या जागेवर घर बांधण्याच्या काळातील आहे. शहरांत आता बांधण्यापेक्षा निवडण्याचेच काम अधिक असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतील बहुसंख्य कुटुंबे चाळींत भाड्याने राहत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविल्यावर भाड्याने देण्यासाठी इमारती बांधणे फायद्याचे राहिले नाही आणि मालकी हक्काच्या सदनिका व सहकारी गृहनिर्माण संस्था यांचे प्रमाण वाढत गेले. या व्यवहारांसाठी १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा (मोफा) झाला. संसदेने २०१६ मध्ये स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम संमत केला व त्यानुसार २०१७ पासून महारेरा हे प्राधिकरण राज्यात काम पाहू लागले.

मालकी हक्काची तपासणी

घरांची तुलना बहुधा हवा, उजेड आणि किंमत यांपासून सुरू होते. ज्या घराचा मालकी हक्क सदोष आहे ते मात्र तुलनेत धरण्यातच अर्थ नसतो. त्यामुळे ही तपासणी इसार देण्यापूर्वी करणे इष्ट असते, आणि व्यवहारात नेमके उलट घडताना दिसते.

जमिनीचा हक्क सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक आणि त्यावरील फेरफार नोंदींवरून पाहतात. भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असलेल्या जमिनीच्या हस्तांतरणास सामान्यतः सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. मागील तीस वर्षांच्या नोंदणीकृत दस्तांचा शोध वकिलामार्फत घेण्याची आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागविण्याची प्रथा आहे. कर्ज देणारी बँकही स्वतःच्या वकिलाकडून असा शोध घेते. तो बँकेच्या सुरक्षिततेसाठी असतो. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे घर निर्दोष आहे, हा समज बरोबर नाही.

पुनर्विक्रीच्या सदनिकेत पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतच्या सर्व करारनाम्यांची साखळी अखंड असावी लागते. मधला एखादा दस्त हरवलेला, नोंदणी न झालेला किंवा कमी मुद्रांक शुल्काचा असेल, तर त्याचा भार अखेरीस नव्या खरेदीदारावर येतो. मूळ सदस्य मृत असल्यास विशेष काळजी घ्यावी लागते. संस्थेच्या दप्तरी नामनिर्देशित असलेली व्यक्ती केवळ त्या नोंदीमुळे मालक होत नाही. सदनिकेवरील हक्क वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतो. म्हणून विक्रीखतावर सर्व वारसांच्या सह्या किंवा त्यांची नोंदणीकृत हक्कसोडपत्रे आवश्यक ठरतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो अधिक स्पष्ट केला. ‘बहिणींनी तोंडी सोडून दिले आहे’ या विक्रेत्याच्या सांगण्यावर विसंबून घेतलेली वाड्यांची व बंगल्यांची घरे त्यामुळे वादात सापडतात. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला.

इमारतीसाठी मंजूर नकाशे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहतात. यांपैकी शेवटचे नसलेल्या इमारतींत कुटुंबे वर्षानुवर्षे राहत असतात, म्हणून ते गौण वाटते. प्रत्यक्षात अशा इमारतीस मुंबईत पाणीपट्टी जादा दराने पडते, बँका कर्ज देण्यास कचरतात आणि पुढे घर विकताना हीच उणीव किमतीत वजा होते.

क्षेत्रफळाची तुलना

दोन घरांच्या किमती प्रतिचौरस फूट दराने ताडून पाहण्यासाठी दोन्हीकडे मोजमाप एकच असले पाहिजे. २०१६ च्या अधिनियमातील चटई क्षेत्रात सदनिकेच्या आतील भिंतींची जागा धरली जाते. बाहेरील भिंती, खासगी बाल्कनी आणि खुली गच्ची वगळली जाते. मोफाच्या व्याख्येत आतील भिंतीही वगळलेल्या होत्या. त्यामुळे तीच सदनिका नव्या मोजणीत किंचित मोठी दिसते. जुन्या करारनाम्यांत बांधीव क्षेत्रफळ, तर तोंडी बोलण्यात जिना व लिफ्टचा वाटा मिळविलेले ‘सेलेबल’ क्षेत्रफळ असते. उदाहरणार्थ, ३५ टक्के वाढ मिळवून १,००० चौरस फूट सांगितलेल्या घराचे चटई क्षेत्र सुमारे ७४० चौरस फूटच भरते. ७० लाख रुपये किमतीला सांगितलेला ७,००० रुपयांचा दर मग ९,४५० रुपयांच्या आसपास जातो. टेप घेऊन खोल्या मोजणे हा यावरील जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

नवे घर की पुनर्विक्रीचे

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाची महारेराकडील नोंदणी, मंजुऱ्या, दावे आणि घोषित पूर्णत्वाची तारीख संकेतस्थळावर पाहता येते. करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी विकासकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के त्या प्रकल्पासाठीच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत आढळलेले संरचनात्मक दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करावयाचे असतात. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या लहान प्रकल्पांस मात्र नोंदणी सक्तीची नाही. छोटी इमारत म्हणून निवांत वाटणाऱ्या घराबाबत ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

छापील किमतीवरून खरा खर्च कळत नाही. पुणे महापालिका हद्दीतील दोन काल्पनिक घरे घेऊ. पहिले बांधकामाधीन, किंमत ६० लाख. त्यावर सर्व अधिभारांसह ७ टक्के मुद्रांक शुल्क ४.२० लाख, नोंदणी फी कमाल मर्यादेनुसार ३० हजार आणि ५ टक्के वस्तू व सेवा कर ३ लाख, म्हणजे एकूण ६७.५० लाख. ताबा दोन वर्षांनी मिळणार असून तोवर दरमहा २० हजार भाडे द्यावे लागले, तर आणखी ४.८० लाख. दुसरे वीस वर्षे जुने, किंमत ६२ लाख. मुद्रांक शुल्क ४.३४ लाख, नोंदणी फी ३० हजार आणि संस्थेचे हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार, एकूण ६६.८९ लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर वस्तू व सेवा कर लागत नाही. वरकरणी दोन लाखांनी महाग असलेले घर अशा रीतीने पाच लाखांहून अधिक स्वस्त पडते, अर्थात दुरुस्तीचा खर्च त्याच्या आत राहिला तरच. निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पती-पत्नीच्या संयुक्त नावास ती लागू होत नाही.

जुन्या घराबाबत गळती, ओल, गंजलेल्या सळया आणि नळजोडणी हे दोष उघड दिसतात. पावसाळ्यात घर पाहिल्यास त्यांतील निम्मे आपोआप कळतात. संस्थेचे हिशेब व दुरुस्ती निधी यांकडे तेवढे लक्ष जात नाही. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक असून तिचा अहवाल संस्थेकडे मागता येतो. जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले आहे काय, हा पुनर्विकासाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न असतो. विकासक ते करून देत नसल्यास मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद २००८ च्या दुरुस्तीने उपलब्ध झाली. ‘लवकरच पुनर्विकास’ या आशेवर वाढीव किंमत मोजणे हा सट्टा आहे. राहण्यासाठी घर घेणाऱ्याने तो घराच्या किमतीत मिसळू देऊ नये.

स्थान आणि पाणी

कामाचे ठिकाण, शाळा, रुग्णालय व रेल्वे स्थानक यांचे अंतर सर्वच जण पाहतात. पाण्याचे दोन प्रश्न मात्र मागे राहतात. पहिला पुरवठ्याचा. नळाला पाणी किती वेळ येते आणि उन्हाळ्यात टँकरवर किती खर्च होतो, हे संस्थेच्या हिशेबावरून किंवा तेथील रहिवाशांकडून कळते. दुसरा पुराचा. नदीकाठी सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल अशा पूररेषा आखल्या जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबईची उपनगरे बुडाली. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. वरच्या मजल्यावरील घरही अशा वेळी वीज, लिफ्ट आणि तळघरातील वाहनांच्या रूपाने त्याची किंमत मोजते.

कर्जाची मर्यादा

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे कर्ज किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांचे ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरचे ७५ टक्क्यांपर्यंत देता येते. या श्रेणींतील मोठ्या घरांच्या किमतीत मुद्रांक व नोंदणीचा खर्च धरला जात नाही. तो खिशातूनच करावा लागतो. ५० लाखांचे कर्ज ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ४३,४०० रुपये येतो व एकूण परतफेड एक कोटी चार लाखांवर जाते.

कुटुंबातील निर्णय

वृद्ध आई-वडिलांना तिसऱ्या मजल्याचा जिना, नोकरी करणाऱ्यांना स्थानक, मुलांना शाळा आणि स्वयंपाकघरात अधिक वेळ घालविणाऱ्यास ओट्याजवळची खिडकी महत्त्वाची वाटते. या मागण्या एकाच घरात क्वचित जमतात. दाराची दिशा व वास्तुशास्त्र यांवरून अनेक घरे नाकारली जातात. त्यामुळे दक्षिणाभिमुख घराच्या किमतीत घासाघीस करण्यास वाव मिळतो, असा दलालांचा अनुभव आहे.

गोव्यातील वेगळेपण

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार विवाहानंतरची मिळकत सामान्यतः पती-पत्नीची सामाईक असते. म्हणून विक्रीखतावर दोघांच्याही सह्या लागतात. जमिनीसाठी सातबाराऐवजी ‘एक व चौदा’चा उतारा पाहतात. जुन्या घराच्या आवारात मुंडकाराचे घर असल्यास १९७५ च्या कायद्याने त्याला निष्कासनापासून संरक्षण आहे आणि ते नव्या मालकावरही बंधनकारक असते.