गिरकी येते कुठून? उलांडीच्या होडीपासून क्वाडकॉप्टरपर्यंत

मंडळी, विजयदुर्गात येऊन बोलायचं म्हणजे आरमारावर बोलावं, अशी अपेक्षा असते. आमचा आजचा विषय मात्र घरी बनवलेलं क्वाडकॉप्टर हा आहे. जमिनीवरून उठलं की ते स्वतःभोवती गिरक्या का घेऊ लागतं, हा प्रश्न. तरी सुरुवात होडीपासूनच करू, कारण प्रश्न मुळात होडीचाच आहे.

उलांडीची होडी तुम्ही रोज बघता. उलांडी एकाच बाजूला असते. ते लाकूड पाण्याला अडतं, म्हणून होडीचं तोंड सारखं त्या अंगाला वळू पाहतं. होडीवाला म्हणून उलांडी तोडून टाकत नाही, कारण ती गेली तर होडीच कलंडेल. तो वल्ह्याने किंवा सुकाणूने सतत थोडा उलटा जोर देत राहतो. आंग्र्यांच्या काळात वारा पडला की वल्ह्यांची गलबतं मोठ्या गुराबांना ओढून नेत. तिथेही एका अंगाचे वल्हेकरी दमले की गलबत फिरणार. होडी सरळ चालली म्हणजे तिला वळवणारं बल नाहीसं झालं, असं नव्हे. ते असतंच, फक्त दुसऱ्या बलाने फेडलं जातं. आजच्या सगळ्या बोलण्यात एवढं एक ध्यानात ठेवा.

हवेत ही अडचण जास्त बिकट होते. पंखा एका दिशेने फिरवला की त्याला फिरवणारं धूड उलट दिशेने फिरू पाहतं. न्यूटनचा तिसरा नियम १६८७ साली छापला गेला, पण हे यंत्राच्या भाषेत उतरायला वेळ लागला. १७५४ मध्ये रशियात लोमोनोसोव्ह यांनी एकाच अक्षावर उलटसुलट फिरणाऱ्या दोन पंख्यांचं लहान यंत्र विज्ञान अकादमीपुढे ठेवलं. एकाचा पीळ दुसऱ्याने फेडायचा, ही कल्पना त्यात स्पष्ट दिसते.

पुढे १९०७ साली फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू आणि रिशे यांनी चार पंख्यांचं यंत्र माणसासकट जमिनीपासून जेमतेम दोन फूट उचललं. चार भुजांपाशी चार माणसं ते धरून उभी होती, म्हणजे त्याला मोकळं उड्डाण म्हणता येत नाही. पण समोरासमोरच्या कर्णावरचे दोन पंखे एका दिशेने आणि दुसऱ्या कर्णावरचे दोन उलट दिशेने, ही आजच्या पोरांच्या क्वाडकॉप्टरची मांडणी तिथे होती. १९२२ मध्ये अमेरिकेत द बोथेझाट यांनी, आणि १९२४ मध्ये फ्रान्समध्ये एमिशेन यांनी चार मुख्य पंख्यांची यंत्रं उडवली. एमिशेन यांनी तर एक किलोमीटरचा फेरा पूर्ण केला. तरीही ही वाट मागे पडली. चार पंख्यांचा तोल क्षणोक्षणी राखणं वैमानिकाच्या हातापायांना झेपण्यासारखं नव्हतं. सिकॉर्स्की यांच्या १९३९ च्या यंत्राने दुसरा मार्ग रूढ केला. वर एक मोठा पंखा, आणि त्याचा पीळ फेडायला शेपटीला एक लहान पंखा. चार पंखे परत आले ते नखाएवढे जायरो स्वस्त झाल्यावर. तुम्ही ‘थ्री इडियट्स’ मध्ये पाहिलेलं क्वाडकॉप्टर आयआयटी मुंबईतून निघालेल्या आयडियाफोर्जच्या मंडळींचं होतं.

शेपटीचा तो लहान पंखा किती मोलाचा असतो, हे आपल्या महाराष्ट्रात फार वाईट रीतीने दिसलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका तरुणाने स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर बनवलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी चालू असताना शेपटीचा पंखा तुटला, तो मोठ्या पंख्यावर आदळला आणि त्या मोठ्या पंख्याचा फटका त्याच्या डोक्याला बसला. तो गेला. त्याला वेडा ठरवणारे लोक आम्हाला आवडत नाहीत. त्याच्याजवळ हात होते, चिकाटी होती, पण यंत्र बांधून ठेवून, लांबून तपासण्याची सोय आणि तसं सांगणारं माणूस जवळ नव्हतं. म्हणून पोरांनो, आता जे सांगतो त्यातली तपासणी पंखे काढूनच करायची. दहा इंची पंखा बोट तोडू शकतो.

आता आपलं यंत्र. पंखा हवेला खाली ढकलतो ते बल मोठं, आणि त्याचा उलटा पीळ त्यामानाने लहान. पुढेमागे झुकायला यंत्राकडे ते मोठं बल असतं. गिरकी आवरायला मात्र त्या लहान पिळांतला फरक तेवढा हाताशी उरतो. म्हणून बांधणीतली बारीक चूक आधी गिरकीतच दिसते. ढोबळ हिशेब सांगतो. ४५ सेंटिमीटरच्या सांगाड्यावर, दहा इंची पंख्याची एक मोटर फिरण्याच्या अंगाला पाच अंश कलली, तर तिचं आडवं बल एका अख्ख्या मोटरीच्या पिळाएवढी गिरकी पैदा करतं. पाच अंश डोळ्यांना जेमतेम दिसतात!

आमचा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे इथे नैयायिकांना बोलावल्याशिवाय राहवत नाही. घड्याचं कारण कोणतं? कुंभार, चाक, चाक फिरवायचा दांडा. आणि माती वाहून आणणारं गाढव? तेही घड्याच्या आधी हजर असतं, पण ते कारण नव्हे, ‘अन्यथासिद्ध’. क्वाडकॉप्टर फिरलं की पोरं पहिला दोष वाऱ्याला देतात. वारा हे आपलं गाढव. समुद्रावरचा वारा यंत्राला वाहून नेईल, पण चारी बाजूंनी सारख्या यंत्राला एकाच दिशेने गरागरा फिरवणं हे सहसा त्याचं काम नाही. बंद खोलीत उडवून पाहा, वारा नसतानाही गिरकी राहते. याला व्यतिरेक-व्यभिचार म्हणतात.

गिरकीची जात ओळखा. उठल्याबरोबर वाढतच जाणारी गिरकी असेल तर दिशा चुकलेली असते. मोटर उलट फिरत असेल किंवा फ्लाइट कंट्रोलर आडवा-उलटा बसवला असेल, तर दुरुस्तीच गिरकीत भर घालते. पंखे काढून मोटरी संथ चालवा आणि यंत्र हातात धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळवा. त्याच दिशेने फिरणाऱ्या दोन मोटरींचा वेग वाढला पाहिजे. ऐकायला उलटं वाटतं, पण त्यांचाच पीळ धुडाला उलट ओढतो.

संथ, एकसारखी गिरकी असेल तर उतरल्यावर बॅटरी काढा आणि मोटरींना हात लावा. एका कर्णावरच्या दोन गरम आणि दुसऱ्या दोन कोमट असतील, तर कंट्रोलर बिचारा पूर्ण वेळ गिरकीशी झगडत होता. जवळच्या एका गावातल्या मुलांचं यंत्र आम्ही असंच पाहिलं. पंधरा दिवस ती संगणकातले आकडे बदलत होती. भुजा होत्या गोल ॲल्युमिनियमच्या नळीच्या, आणि पकडीत एक नळी फिरून मोटर कलली होती. चौकोनी नळी घातली आणि काम झालं. आकडे बदलणं सोपं, स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठावं लागतं!

तसं काही नसेल तर रिमोटची दांडी मध्यावर आहे का बघा. चारी ईएससी एकाच मापाने जुळवा, खाऱ्या हवेने गंजलेलं बेअरिंग बदला. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कारण कोणतं होतं ते कळत नाही.

होकायंत्र बसवलं असेल तर आणखी एक. मोटरींना वीज जास्त जाऊ लागली की तारांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र वाढतं, आणि यंत्राला उत्तर दिशा सरकल्यासारखी वाटते. जोर वाढवल्यावरच नाक वळत असेल तर होकायंत्र तारांपासून दूर, उंच दांडीवर न्या. आणि जेटीवर ठेवून ते जुळवू नका. काँक्रीटमध्ये लोखंडी सळया आहेत. खाली वाळूत या आणि तिथे जुळवा.