भारतीय वैद्यकीय पथक, चीनमधील

भारतीय वैद्यकीय पथक, चीनमधील : (१९३८–४३). चीन-जपान युद्धातील (१९३७–४५) जखमी सैनिक व युद्धग्रस्त नागरिक यांच्या शुश्रूषेसाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाठविलेले पाच डॉक्टरांचे पथक. पारतंत्र्यातील एका देशाच्या जनतेने वर्गणी जमवून दुसऱ्या देशातील पीडितांना दिलेल्या वैद्यकीय साहाय्याचे हे एक ठळक उदाहरण होय. पथकातील मोरेश्वर रामचंद्र चोळकर हे नागपूरचे, तर द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०–४२) हे सोलापूरचे. युद्धक्षेत्रातील नागरिकांना आंतरराष्ट्रीय कायद्याचे पुरेसे संरक्षण लाभण्यापूर्वीच्या काळात हे पथक कार्य करीत होते. त्यामुळे त्याच्या इतिहासातून वैद्यकीय सेवेची शक्ती आणि तिच्या मर्यादा या दोहोंची कल्पना येते.

पार्श्वभूमी : सॉल्फेरीनोच्या लढाईतील (१८५९) जखमींचे हाल पाहून आंरी द्यूनां यांनी केलेल्या प्रयत्नांतून रेड क्रॉस संघटना उभी राहिली (१८६३) आणि १८६४ मध्ये पहिला जिनीव्हा करार झाला. या करारामुळे रणभूमीवरील जखमी सैनिक व त्यांची शुश्रूषा करणारे यांना संरक्षण मिळाले. १९२९ च्या करारांनी जखमी, आजारी व युद्धबंदी सैनिकांविषयीचे नियम अधिक तपशीलवार केले. परंतु नागरिकांविषयी स्वतंत्र करार तेव्हाही झाला नाही. हेग येथील १९०७ च्या नियमांत व्याप्त प्रदेशातील जनतेविषयी काही तरतुदी होत्या. तथापि त्या विमानांतून होणाऱ्या बाँबवर्षावाच्या पूर्वीच्या काळातील होत्या.

१९३४ साली रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय परिषद टोकिओ येथे भरली. शत्रूच्या ताब्यातील नागरिकांच्या संरक्षणासाठी तयार केलेल्या एका कराराचा मसुदा तिने संमत केला. त्याला अंतिम रूप देण्यासाठी १९४० मध्ये राजनैतिक परिषद बोलाविण्याचे ठरले होते. दुसऱ्या महायुद्धामुळे ती भरलीच नाही. मसुदा जेथे संमत झाला, त्याच जपानच्या सैन्याने ७ जुलै १९३७ रोजी पीकिंगनजीक चकमक उडाल्यानंतर चीनमध्ये व्यापक युद्ध सुरू केले. डिसेंबर १९३७ मध्ये नानकिंग पडल्यावर तेथील नागरिकांची व शरण आलेल्या सैनिकांची मोठ्या प्रमाणावर कत्तल झाली. जून १९३८ मध्ये जपानी सैन्याची आगेकूच थोपविण्यासाठी चीनच्या राष्ट्रीय सरकारने पीत नदीचे बांध फोडले. त्या पुरात असंख्य खेडी बुडाली आणि लाखो लोक बेघर झाले. शत्रू व स्वकीय शासन या दोघांच्याही लष्करी निर्णयांची झळ अशा प्रकारे प्रामुख्याने शेतकऱ्यांना पोहोचली.

फैजपूर ते हरिपुरा : भारतीय राष्ट्रीय चळवळीला परदेशांतील युद्धांविषयी आस्था वाटू लागली, त्या प्रक्रियेत खानदेशातील एका अधिवेशनाला महत्त्वाचे स्थान आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील (सध्याचा जळगाव जिल्हा) फैजपूर येथे जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिलेच अधिवेशन. धनाजी नाना चौधरी व अन्य स्थानिक कार्यकर्त्यांनी त्याची व्यवस्था पाहिली. तापी खोऱ्यातील यावल, रावेर, भुसावळ, एदलाबाद (सध्याचे मुक्ताईनगर) हा भाग मुख्यतः शेतीवर अवलंबून असलेला. त्यामुळे अधिवेशनात शेतकऱ्यांच्या प्रश्नांना प्राधान्य मिळणे स्वाभाविक होते. तथापि याच व्यासपीठावरून नेहरूंनी स्पेनमधील यादवी युद्धाचा परामर्श घेतला आणि तेथील जनतेचा लढा व भारताचा स्वातंत्र्यलढा यांचे नाते स्पष्ट केले. साम्राज्यशाहीच्या युद्धात भारताने सहभागी होऊ नये, ही भूमिकाही तेथे पुन्हा मांडण्यात आली.

सहानुभूतीला प्रत्यक्ष साहाय्याचे रूप येण्यास चीनमधील घटना कारणीभूत झाल्या. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सरसेनापती चू तेह यांनी २६ नोव्हेंबर १९३७ रोजी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची मागणी केली. अमेरिकन पत्रकार ॲग्नेस स्मेडली यांनीही या मागणीचा पाठपुरावा केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा येथील अधिवेशनात सुभाषचंद्र बोस अध्यक्षपदी आले. त्यांनी ३० जून १९३८ रोजी जनतेला मदतीचे आवाहन केले. जुलैमध्ये देशभर ‘चीन दिन’ पाळण्यात येऊन सु. २२,००० रुपयांचा निधी जमला. चीनमधील गरजेच्या मानाने ही रक्कम अल्प होती. परंतु ती सरकारी तिजोरीतून आलेली नव्हती, ही गोष्ट महत्त्वाची होय.

पथकाची रचना : अलाहाबादचे मदन मोहनलाल अटल हे पथकाचे प्रमुख होते. स्पेनमध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय काम केल्याचा अनुभव त्यांच्या गाठी होता. चोळकर हे उपप्रमुख व पथकातील सर्वांत वयस्क सदस्य. कोटणीस, कलकत्त्याचे बिजयकुमार बसू व देवेश मुखर्जी हे अन्य सदस्य. कोटणीसांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली होती आणि ते पदव्युत्तर शिक्षण घेत होते.

औषधे, शस्त्रक्रियेची उपकरणे व रुग्णवाहिका घेऊन पथकाने १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदर सोडले. कँटन येथे सन्-यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग यांनी त्याचे स्वागत केले. त्यांनी त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये स्थापिलेली चीन संरक्षण संघ ही संस्था परदेशांतून येणारी मदत युद्धक्षेत्रात पोहोचविण्याचे काम करीत होती. पाचही डॉक्टरांनी पुढे चिनी नावे धारण केली. प्रत्येक नावाच्या अखेरीस चीनचा वाचक असा ‘हुआ’ हा शब्द होता. कोटणीस यांचे नाव ‘खो ती-हुआ’ असे झाले.

हँकाऊ ते येनान : पथकाने प्रथम हँकाऊ येथील रुग्णालयांत चिनी रेड क्रॉसच्या सहकार्याने काम सुरू केले. रेड क्रॉसच्या वैद्यकीय साहाय्य दलाची धुरा तेव्हा रॉबर्ट लिम हे शरीरक्रियावैज्ञानिक वाहत होते. आधुनिक वैद्यकाचे शिक्षण घेतलेले डॉक्टर चीनमध्ये फार थोडे होते आणि तेही मुख्यतः किनाऱ्यावरील शहरांत एकवटलेले होते. ती शहरे जपानच्या हाती पडल्यावर अंतर्भागातील वैद्यकीय सेवा जवळजवळ कोलमडली. ऑक्टोबर १९३८ मध्ये हँकाऊही पडले आणि पथकाला जखमींसमवेत यांगत्से नदीच्या मार्गाने ईचांग व तेथून चुंगकिंगला जावे लागले. तेथे कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. तथापि मायदेशी न परतता ते पथकासोबत राहिले.

जानेवारी १९३९ मध्ये चुंगकिंग सोडून पथक १२ फेब्रुवारी रोजी कम्युनिस्टांचे केंद्र असलेल्या येनानला पोहोचले. चँग कै-शेक यांचे राष्ट्रीय सरकार व कम्युनिस्ट यांच्यात जपानविरोधी आघाडी झाली होती. पण परस्परांविषयीचा संशय कायम होता. कम्युनिस्टांच्या प्रदेशात जाणाऱ्या औषधांच्या वाटेत अडथळे येत आणि आघाडीपलीकडील भागाभोवती जपानी सैन्याचा वेढा असे. औषधे उपलब्ध असूनही ती रुग्णापर्यंत न पोहोचणे, हे या युद्धातील वैद्यकीय सेवेचे सर्वांत मोठे संकट होते. पथकाची नियोजित मुदत एक वर्षाची होती. मुखर्जी आजारपणामुळे आणि चोळकर त्याच सुमारास, १९३९ मध्ये भारतात परतले. उरलेले तिघे नोव्हेंबर १९३९ मध्ये उत्तरेकडील आघाडीकडे निघाले. पुढे अटल हेही प्रकृतीच्या कारणास्तव परतले.

खेड्यांतील रुग्णालय : शान्सी, चाहार व होपे या प्रांतांच्या सीमाप्रदेशात नॉर्मन बेथून या कॅनडियन शल्यविशारदांनी वैद्यकीय सेवेची घडी बसविली होती. स्पेनमध्ये त्यांनी रक्त थेट आघाडीपर्यंत पोहोचविण्याची फिरती व्यवस्था उभारली होती. डॉक्टरांनी जखमींची वाट न पाहता त्यांच्याकडे जावे, हे तिच्यामागील तत्त्व त्यांनी चीनमध्येही अवलंबिले आणि खेचरांवर लादून नेता येईल अशी शस्त्रक्रियेची सामग्री सिद्ध केली. एका शस्त्रक्रियेत बोटाला झालेली जखम दूषित होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. रबरी हातमोजे व जंतुनाशक औषधे यांसारख्या साध्या गोष्टींच्या टंचाईचा परिणाम किती गंभीर होतो, हे या घटनेने दाखवून दिले.

कोटणीस व बसू १९४० मध्ये या प्रदेशात आले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ‘शंभर पलटणींच्या मोहिमे’त जखमींची संख्या अतोनात वाढली. कोटणीसांनी एका लढाईच्या वेळी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. जानेवारी १९४१ मध्ये त्यांची बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून नेमणूक झाली. बसू त्यापूर्वीच येनानला परतले होते.

या रुग्णालयाचा कारभार होपे प्रांताच्या थांग परगण्यातील खेड्यांतून चाले. शेतकऱ्यांची घरे हेच त्याचे कक्ष. जखमी व आजारी यांना निरनिराळ्या घरांत ठेवीत आणि शत्रू जवळ आल्याची वर्दी मिळताच त्यांना डोंगरात हलवीत. डोलीवरून जखमींना वाहून नेणे, त्यांना जेवू घालणे व प्रसंगी लपविणे ही कामे गावकरी करीत. गावकऱ्यांवरही याच रुग्णालयात उपचार होत. त्यामुळे सैनिकी रुग्णालय व नागरी रुग्णालय असा भेद व्यवहारात उरला नव्हता. याची दुसरी बाजू अशी, की जखमींना आसरा देणारे गाव शत्रूच्या दृष्टीने लष्करी लक्ष्य ठरे. १९४१–४२ मध्ये जपानी सैन्याने या प्रदेशात सर्वांना मारा, सर्व काही जाळा व लुटा अशा स्वरूपाच्या मोहिमा केल्या. वैद्यकीय सेवेला दिलेल्या सहकार्याची जबर किंमत गावकऱ्यांना मोजावी लागली.

कोटणीस चिनी भाषा शिकले आणि रुग्णालयाला जोडलेल्या बेथून वैद्यकीय विद्यालयात त्या भाषेतून शिकवू लागले. बाहेरून डॉक्टर मिळण्याची शक्यता नसल्याने स्थानिक तरुणांना अल्पावधीत शिक्षण देऊन तयार करणे हाच मार्ग होता. शस्त्रक्रियाशास्त्रावरील एक पाठ्यपुस्तक त्यांनी पूर्ण केले. दुसरे अपूर्ण राहिले. १९४१ मध्ये त्यांनी परिचर्या-शिक्षिका क्वो छिंग-लान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलाचे ‘यिन-हुआ’ हे नाव भारत व चीन या दोन्ही देशांचे वाचक आहे. त्याच वर्षी ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. अपस्माराचे झटके येत असताना उपचारांसाठी आघाडी सोडण्याची सूचना त्यांना करण्यात आली होती. ती त्यांनी मानली नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. बसू १९४३ मध्ये भारतात परतले आणि पथकाचे कार्य संपुष्टात आले. पुढे भारतात सूचिचिकित्सेचा प्रसार करण्यात बसूंनी पुढाकार घेतला.

कायद्यातील बदल : दुसऱ्या महायुद्धातील अनुभवांनंतर १२ ऑगस्ट १९४९ रोजी चार जिनीव्हा करार संमत झाले. त्यांपैकी चौथा करार युद्धकाळातील नागरिकांच्या संरक्षणासंबंधी आहे. नागरी रुग्णालयांवर हल्ला करू नये व नागरिकांसाठीच्या औषधांना वाट द्यावी, अशा तरतुदी त्यात आहेत. भारताने १९५० मध्ये या करारांना अनुसमर्थन दिले आणि १९६० मध्ये त्यांच्या अंमलबजावणीसाठी अधिनियम केला. १९७७ च्या पुरवणी संधिलेखांनी नागरी वैद्यकीय पथकांचे संरक्षण वाढविले. भारताने त्यांवर स्वाक्षरी केलेली नाही. लढणाऱ्या पक्षांची संमती व औषधांची वाट या, भारतीय पथकाला भेडसावलेल्या, अडचणी त्यानंतरच्या युद्धांतही कायम राहिल्या.

मूल्यमापन : हे पथक रेड क्रॉसच्या अर्थाने तटस्थ नव्हते. ते एका राजकीय पक्षाने एका बाजूच्या साहाय्यार्थ पाठविले होते आणि त्याचे बरेचसे कार्य सैन्याच्या वैद्यकीय विभागात झाले. ज्या प्रदेशात तटस्थ संघटना पोहोचू शकत नव्हत्या, तेथे पथकाच्या सदस्यांना प्रवेश मिळाला तो याच कारणामुळे. तटस्थता पाळल्यास दोन्ही बाजूंच्या पीडितांपर्यंत जाण्याचा अधिकार मागता येतो. पक्ष स्वीकारल्यास एका बाजूचा विश्वास मिळतो, पण दुसऱ्या बाजूची दारे बंद होतात. मानवतावादी साहाय्यातील हा पेच या पथकाच्या इतिहासात स्पष्टपणे दिसतो. पाच डॉक्टर युद्धाचा ओघ बदलू शकत नव्हते. त्यांची टिकाऊ कामगिरी उपचारांइतकीच, मागे राहिलेल्यांना दिलेल्या शिक्षणात आहे.

ख्वाजा अहमद अब्बास यांचे पुस्तक आणि व्ही. शांताराम यांचा डॉ. कोटणीस की अमर कहानी (१९४६) हा चित्रपट यांमुळे कोटणीसांचे नाव घरोघर पोहोचले. चीनमध्ये शृ-ज्या-ज्वांग येथे त्यांचे स्मारक असून सोलापूर येथील त्यांच्या जुन्या घरात २०१२ मध्ये स्मारक खुले करण्यात आले. या लौकिकाच्या तुलनेत चोळकर व अन्य सहकारी उपेक्षित राहिले. ज्यांच्या घरांत ते रुग्णालय चालले, त्या खेडुतांची नावे तर सर्वसामान्यपणे अज्ञातच आहेत.