पेटीतली कॅसेट आणि भिंतीवरचा चौक

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत तूही काही लिही, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी गोंधळून गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. पुढे चूल, शेत आणि मुले यांतच दिवस गेले. परंतु घरातल्या एका कॅसेटीपायी मला थोडा इतिहास शिकावा लागला. माहिती माझ्या लेकीने कॉलेजातून आणली आणि मी तिच्याकडून समजून घेतली. तीच आपल्यापुढे ठेवते. चुकल्यामाकल्याची क्षमा असावी.

माझे लग्न २००१ साली झाले. भाऊ तेव्हा बोईसरच्या कारखान्यात नुकताच लागला होता. त्याने पगारातून पैसे साठवून शूटिंगवाला आणला. आमच्या पाड्यावर ती मोठीच नवलाई! त्या लग्नात माझी आजी धवलेरी होती. धवलेरीवाचून वारल्यांचे लग्न लागत नाही, हे सायवनच्या भगिनींना मी काय सांगावे? आजी चौकापुढे बसून गायली आणि ते सारे कॅसेटीत आले. पुढच्याच पावसाळ्यात आजी गेली. तिचा आवाज दुसरीकडे कोठेही नाही.

भाड्याचा व्हीसीआर आणून आम्ही ती कॅसेट दोनदा पाहिली. मग फडक्यात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवून दिली. सोन्यासारखी जपली, असे मला वाटत होते. २०२३ साली लेक म्हणाली, "आई, पणजी गायची कशी?" म्हणून पेटी उघडली, तर कॅसेटीच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली. ती घेऊन मी डहाणूला तीन दुकाने फिरले. यंत्र कोणाकडेच नव्हते. एक दुकानदार हसून म्हणाला, "मावशी, आता ही शोभेला ठेवा." मला रडू आवरेना.

घरी आल्यावर लेकीने मला आतली रचना समजावून सांगितली. सिनेमाचे जुने रीळ उजेडासमोर धरले तर त्यातली चित्रे डोळ्यांना दिसतात. कॅसेटीचे तसे नाही. तिच्यात अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची फीत असते आणि तिच्यावर लोहयुक्त बारीक भुकटीचा थर असतो. चित्र आणि आवाज त्या थरात लोहचुंबकाच्या गुणाने साठवलेले असतात. फीत कितीही उजेडात धरा, काळ्या-तपकिरी पट्टीखेरीज काही दिसायचे नाही. यंत्र असेल तरच ती बोलते. यंत्र गेले की मुकी होते.

मग ही यंत्रे गेली कोठे? १९७५ साली जपानच्या सोनी कंपनीने बीटामॅक्स नावाची घरगुती कॅसेट आणली. दुसऱ्याच वर्षी, १९७६ साली, जेव्हीसी या जपानी कंपनीने व्हीएचएस आणली. दोघींचा आकार निराळा, त्यामुळे एकीची कॅसेट दुसरीच्या यंत्रात जात नसे. चित्र बीटामॅक्सचे किंचित सरस, असे जाणकार म्हणत. पण तिची पहिली कॅसेट एकच तास चाले आणि व्हीएचएस दोन तास. शिवाय जेव्हीसीने इतर कंपन्यांनाही आपल्या पद्धतीची यंत्रे बनवू दिली, म्हणून व्हीएचएस घरोघर गेली. अखेर १९८८ साली सोनीनेही व्हीएचएसची यंत्रे काढली. आपल्याकडे १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झाले आणि त्या सुमारास परदेशातून व्हीसीआर येऊ लागले. तीन तासांची कॅसेट मिळे आणि हिंदी सिनेमाही तेवढाच लांब! हळदीच्या रात्री टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून अंगणात पहाटेपर्यंत सिनेमे चालत, ते आपल्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असेल.

पुढे १९९३ साली व्हीसीडी आली, ताटलीसारखी चकती. तिच्यात सव्वा तासाच्या आसपासच चित्र मावे, म्हणून एका सिनेमाच्या दोन-तीन चकत्या बदलाव्या लागत. तरी ती स्वस्त आणि सुटसुटीत होती. १९९६ साली जपानात डीव्हीडी निघाली. तिच्यात अख्खा सिनेमा एका चकतीत आला. २००६ साली ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोन चकत्यांत पुन्हा तसेच भांडण लागले, आणि २००८ साली एचडी डीव्हीडीने माघार घेतली. तोवर पेन ड्राइव्ह आले, नंतर मोबाईल आला, आणि चकत्याही मागे पडल्या. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनविणे बंद केले. यंत्राचे सुटे भागच मिळेनासे झाले होते. नवे व्हीसीआर बनविणारी ती शेवटची कंपनी समजली जाते.

आपल्या घरातही पितळेचे हंडे गेले आणि स्टीलच्या कळशा आल्या. पण हंड्यातले पाणी कळशीत ओतता येत होते, म्हणून कोणी तहानेले राहिले नाही. कॅसेटीतले पाणी मात्र हंडा शाबूत आहे तोवरच ओतून घ्यावे लागते. आमचे तेच राहून गेले.

थोरामोठ्यांच्या हातूनही हे राहिले आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत दाखविला गेला. त्याचा काही भागच आज उरला आहे. १९३१ साली आलेला आपल्या देशाचा पहिला बोलपट 'आलम आरा'. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जुने चित्रपट जपण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. चुंबकीय फितींवरचा ठेवा वेळीच उतरवून घ्या, नाहीतर २०२५ नंतर तो ऐकणे-पाहणे कठीण होईल, असा इशारा युनेस्कोने २०१९ साली दिला होता. तो इशारा आमच्या पेटीलाही लागू होता, पण आम्हाला कोण सांगणार?

असो. अखेर माझ्या भाच्याने मुंबईत जुनी यंत्रे बाळगणारा एक कारागीर शोधला. त्याने आधी फीत वाळवली, बुरशी पुसली आणि मगच ती यंत्रात घातली. बुरशीची कॅसेट तशीच चालवली तर फीतही फाटते आणि यंत्रही बिघडते, असे तो म्हणाला. हे काम घाईचेही नाही. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो. पेन ड्राइव्ह घरी आला तेव्हा आम्ही सारी जणे दाटीने बसलो. आजी दिसली. पदर सावरून तिने गायला सुरुवात केली, आणि माझ्या आईने तोंडाला पदर लावला. पण अर्ध्यावर चित्रात पट्टे आले, आवाज खरखरला आणि आजीचे नुसते ओठ हलू लागले. लेक वही घेऊन बसली. आई आणि दोन म्हाताऱ्या मावश्या आठवून आठवून सांगत होत्या. दोन ठिकाणी कोणालाच शब्द आठवेनात. वहीत त्या जागा आजही कोऱ्या आहेत.

त्या रात्री मला झोप आली नाही. त्याच लग्नात सुवासिनींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला होता. ती भिंत कधीच पडली. तरी चौक हरवला नाही, कारण पुढच्या लग्नात दुसऱ्या भिंतीवर तो नव्याने लिहिला गेला. आपल्याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरची ही कला कागदावर नेऊन जगाला दाखविली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या चौक पुन्हा पुन्हा लिहिला, म्हणून तो त्यांच्यापर्यंत पोहोचला. मी कॅसेट फडक्यात गुंडाळून ठेवली आणि समजले की जपली. आजीचे गाणे मी शिकले असते, तर तीच खरी जपणूक झाली असती.

म्हणून भगिनींनो, माझी हात जोडून विनंती आहे. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी असतील त्यांनी त्या या वर्षीच उतरवून घ्याव्यात. प्रती दोन कराव्यात आणि दोन घरी ठेवाव्यात. पेन ड्राइव्ह आणि मोबाईलही अमरपट्टा घेऊन आलेले नाहीत. चार-पाच वर्षांनी तपासून मजकूर नव्या साधनात घालावा. आणि मंडळाने महिन्यातून एक दुपार ठेवावी. त्या दुपारी म्हाताऱ्या बायांनी गावे आणि आपल्या मुलींनी शिकावे.

माझ्या वहीतल्या दोन कोऱ्या जागा भरतील असे शब्द सायवनच्या कोणा आजीला अजून येत असतील. त्यांनी मला निरोप धाडावा. मी वही घेऊन त्यांच्या ओटीवर येईन.