सांबार मागितला, काय आलं?

झरी जामणीच्या बाजारात ‘सांबार’ मागितला की हातात हिरवीगार जुडी पडते. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि सांबारवडीही तिचीच. पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या हॉटेलात हाच शब्द उच्चारला तर समोर वाटीभर आंबटसर डाळ येते. गुजराती ताटातला ‘संभारो’ म्हणजे मोहरी-मिरचीच्या फोडणीवर परतलेली कोबी. ‘पचडी’चंही तसंच आहे. नदीअलीकडे ती मुळ्याची किंवा कोबीची कच्ची कोशिंबीर, नदीपलीकडे जिभेला चटका देणारी चटणी.

गावातल्या खाणावळीत या गोंधळाचा त्रास होत नाही. तिथे जे शिजलं ते ताटात येतं. भाकरी, वरण, भाजी डोळ्यांना दिसते, नावाची गरज नंतर पडते. युरोपातल्या जुन्या खाणावळीही अशाच चालत: ठरलेली वेळ, सर्वांसाठी एक मेज आणि यजमानाने रांधलेलं अन्न. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये रेस्टॉरंटं निघाली आणि ही रीत बदलली. गिऱ्हाइकाला स्वतंत्र मेज मिळालं, हवं ते मागवायची मुभा मिळाली आणि हातात किमतींसह पदार्थांची यादी आली. तिचं नाव मेनू. ‘बारीक, तपशीलवार’ या अर्थाचा हा फ्रेंच शब्द लॅटिन ‘मिनुटुस’वरून आला.

आता पदार्थाच्या आधी त्याचं नाव भेटू लागलं. ज्याला ती भाषा येत नाही, त्याच्यासाठी भूक आणि ताट यांच्यामध्ये एक कागद उभा राहिला. प्रवाशाच्या खिशातल्या फ्रेंच-इंग्रजी खाद्यकोशाची गरज या कागदातून निर्माण झाली. फ्रेंचमध्ये ‘पोम द तेर’ म्हणजे शब्दशः जमिनीतलं सफरचंद, प्रत्यक्षात बटाटा. ही चूक झाली तरी पोट भरतं. ‘री द व्हो’ मात्र शाकाहारी माणसाला महागात पडेल. तांदळालाही फ्रेंचमध्ये ‘री’च म्हणतात, फक्त स्पेलिंग निराळं. पण या ‘री’मध्ये भाताचं शीत नसतं, ती वासराच्या गळ्यातली ग्रंथी असते. भाताचा काही प्रकार असेल म्हणून मागवणाऱ्याला कानांवर विसंबून चालत नाही, कोशच उघडावा लागतो.

मराठी मुलखात अन्नाचे शब्द नोंदवण्याची परंपरा हॉटेलांच्या कितीतरी आधीची आहे, फक्त तिची कारणं वेगळी होती. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांनी सिद्ध केलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. त्याच्या दहा वर्गांपैकी एक ‘भोग्यवर्ग’. त्या काळात राजवाड्यातल्या स्वयंपाकघरालाही ‘मुदबखखाना’ म्हणत, आणि हा शब्द अरबी ‘मतबख’वरून आलेला. दरबाराची भाषा बदलायची तर कचेरी आणि किल्ल्याबरोबर खाण्यापिण्याचेही शब्द बदलणं भाग होतं.

शिवाजी महाराजांच्याच शतकात रघुनाथ नवहस्तांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिलं. तंजावरच्या भोसले दरबाराशी संबंध असलेल्या या पंडितांचा ग्रंथ संस्कृतात आहे, पण धान्यं, भाज्या आणि पदार्थ यांची लोकांच्या तोंडची नावंही त्यात येतात. त्यामागे वैद्यकाची निकड होती. अमुक भाजी पथ्याची, तमुक वातूळ, असं सांगायचं तर नेमकी कोणती भाजी हे वाचणाऱ्याला कळायला हवं. नाव चुकलं तर पथ्य चुकतं. पुढे १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८५७मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. मराठी स्वयंपाकघरातले असंख्य शब्द त्याने इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी उलगडून ठेवले.

झरी जामणीच्या पोडांवर बोलली जाणारी कोलामी मात्र या सगळ्या कोशांच्या बाहेर राहिली. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. त्यांची भाषा द्राविडी कुळातली, मराठीच्या शेजारी राहूनही मुळातच वेगळी. तिची दखल विसाव्या शतकात नीट घेतली गेली. हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत असलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणं लिहिली. मरी एमेनो या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने वर्धा भागात कोलामी ऐकून टिपली. व्याकरण, कथा आणि शब्दसंग्रह असं त्याचं पुस्तक १९५५मध्ये प्रसिद्ध झालं.

हे काम भाषाशास्त्रासाठी झालं, जेवणाऱ्यासाठी नव्हे. पण पोडावर पाहुणा म्हणून जेवायला बसलेल्या माणसाला, आश्रमशाळेत पहिल्यांदा आलेल्या कोलाम मुलाला किंवा त्याला वाढणाऱ्या मराठी बाईला खिशात मावेल असा छोटा खाद्यकोश आजही उपयोगी पडेल. त्यात पक्वान्नांच्या आधी रोजच्या गोष्टी हव्यात. भाषांचे चार रकाने आखावेत: मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी. पहिली ओळ ताटाशेजारच्या तांब्याची: पाणी, नीळ्ळु, येर, ईर. दुसरी ताटाच्या कडेला वाढलेल्या चिमटीची: मीठ, उप्पु, सोवोर, सुप. आणि सांबाराच्या ओळीत शब्दाशेजारी एक हिरवी जुडी काढून ठेवावी.